आधी बिघडवा, मग जोडा

वर्ध्याहून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आता रेल्वेने येता येतं. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. अशा मार्गांवर रेल्वे आता रुळांचे बहुतेक सांधे नटबोल्टाने बांधत नाही, वेल्ड करते. १३ मीटरचे वीस रूळ जोडून २६० मीटरचं पॅनेल करायचं असेल तर फ्लॅश बट पद्धत वापरतात, आणि जागेवरचे बरेचसे सांधे थर्मिटने होतात. फ्लॅश बटच्या मशीनवर सांधा होत असतानाच करंट, दाब आणि रुळाची सरक यांची नोंद होते. नंतर अल्ट्रासॉनिक तपासणी असतेच. घासून चकचकीत केलेल्या सांध्याकडे बघून मान डोलावणं, एवढ्यावर तिथे काम भागत नाही.

हे सांगायचं कारण, आपल्या भागातली बरीच मुलं आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून बुटीबोरी, वाळूज, चाकणला जातात आणि तिथे त्यांची गाठ फ्रिक्शन स्टर वेल्डिंगशी पडते. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीखालची कूलिंग प्लेट, मोटरचं आवरण, अॅल्युमिनियमचे हीट सिंक, रेल्वे-मेट्रोच्या डब्यांची पॅनेलं अशा कामांत ही पद्धत शिरली आहे. इस्रोनेही प्रक्षेपकांच्या इंधनटाक्यांसाठी ती स्वीकारली. शिवाय ज्याच्याकडे दणकट व्हर्टिकल मिलिंग मशीन आहे, त्याला सहा मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम प्लेटवर ती स्वतः करून बघता येते. हा लेख या दोघांसाठी आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी किंवा गेट-ग्रीलसाठी ही पद्धत नाही, हे आधीच सांगतो. स्टीलला टंगस्टनची किंवा त्याहून कठीण, महागडी टूलं लागतात आणि साधं मिलिंग मशीन तो भार सोसत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. दोन प्लेटा कडेला कड लावून घट्ट क्लॅम्प करायच्या. रुंद खांदा आणि खाली छोटी पिन असलेलं फिरतं टूल सांध्यात दाबायचं आणि पुढे न्यायचं. खांद्याच्या घासण्याने आणि पिनेच्या घुसळण्याने धातू चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो, मऊ होतो, पण वितळत नाही. पिन पुढचा धातू मागे नेते, खांदा तो वरून दाबून ठेवतो. रॉड नाही, गॅस नाही, ठिणगी नाही. वितळतच नसल्यामुळे वितळलेल्या धातूला पडणारी गॅसची छिद्रं आणि गरम तडे इथे पडत नाहीत.

इथेच माणूस फसतो. आर्क वेल्डिंगमध्ये वाईट काम पुष्कळदा वरूनच दिसतं, छिद्रं दिसतात, अंडरकट दिसतो. इथे खांद्याने वरचा पृष्ठभाग सारवलेला असतो. आतून पोकळ असलेला जोडही वरून सुरेख दिसतो. पोरगं म्हणतं, "सर, काचेवानी निघाला ना!" आणि आत सांध्याच्या पूर्ण लांबीत बोगदा असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं थोडं उलटं वाटेल. सेन्सर विकत घेण्याआधी, ग्राहकाचं काम घेण्याआधी, मुद्दाम वाईट जोड करा. टाकाऊ प्लेटवर एक जोड फीड दुप्पट करून, एक टूल कमी दाबून, एक जास्त दाबून, एक प्लेटांमध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून मोठी फट ठेवून आणि एक पिन आखूड घेऊन. प्रत्येक जोड करताना जे जे मोजता येईल ते मोजा, मग कापा आणि आत बघा. कोणता दोष मीटरवर कसा दिसतो हे तुमच्या मशीनवर तुम्हालाच शोधावं लागेल. दुसऱ्याच्या मशीनचे आकडे इथे चालत नाहीत. हल्ली मोठ्या कारखान्यांत आलेखावरून दोष ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरं बसवतात. त्यांनाही आधी वाईट जोडांचे नमुने शिकवावे लागतात. नुसते चांगले जोड बघून कोणी पारखी होत नाही, मग तो माणूस असो की संगणक.

सुरुवात करायला ६०६१-टी६ अॅल्युमिनियमची सहा मिलिमीटर प्लेट घ्या. टूल एच-१३ स्टीलचं, हार्डनिंग करून रॉकवेल ५० च्या आसपास आणलेलं. खांदा १८ ते २० मिलिमीटर व्यासाचा, पिन सहाच्या आसपास आणि लांबी प्लेटच्या जाडीहून ०.२ ते ०.३ मिलिमीटर कमी. हेड मागे दोन ते तीन अंश कललेलं, म्हणजे खांद्याची मागची कड खाली राहील. हजार आरपीएम आणि मिनिटाला ६० मिलिमीटर फीड ही सुरुवातीला बरी जोडी आहे. प्लेटांखाली जाड स्टीलची बॅकिंग प्लेट हवीच. कडा स्टेनलेसच्या ब्रशने घासा, तोच ब्रश लोखंडावर कधी वापरू नका. मग अॅसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी जोडा. पावसाळ्यात तर रात्रभर ठेवूच नका.

मिलिंग मशीनचा एक स्वभाव लक्षात घ्या. यासाठी बनवलेली मशीनं दाब कायम राखतात आणि उंची आपोआप थोडी वरखाली करतात. मिलिंग मशीन उलट करतं. ते उंची धरून ठेवतं, दाब काय होईल तो होवो. त्यामुळे प्लेट मध्येच दोन दशांश मिलिमीटर पातळ असली, बॅकिंग प्लेट वाकलेली असली किंवा टेबल उचलून धरणारी नी खाली बसली, की दाब घटतो आणि खांदा सुटतो. म्हणून जोडण्याआधी स्पिंडलला डायल गेज लावून सांध्याच्या पूर्ण लांबीत टेबल फिरवून बघा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत शिम घाला. या दहा मिनिटांत जेवढे दोष टळतात तेवढे नंतर कुठलाही सेन्सर टाळू शकत नाही. स्पिंडलची बेअरिंगं एवढ्या उभ्या दाबासाठी केलेली नसतात हेही ध्यानात असू द्या. सहा मिलिमीटरहून जाड प्लेटच्या मोहात पडू नका.

आता मोजमाप. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्पिंडलच्या मोटरचा करंट. क्लॅम्प मीटर वायरमनकडे असतोच. पण त्यात दोन खोड्या आहेत. पहिली, मोटर हलक्या भारावर असताना करंटचा मोठा भाग चुंबकत्वासाठी जातो, त्यामुळे भार बदलला तरी अँपिअर फारसे हलत नाहीत. दुसरी खोड आपल्या भागातली. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामासाठी मोटर जास्त करंट ओढते. शेतीपंप सुरू झाले, व्होल्टेज खाली आलं, अँपिअर वर गेले, आणि तुम्ही समजता की टूल खोल रुतलं. जोडाला काहीच झालेलं नसतं. म्हणून अँपिअरऐवजी किलोवॅट मोजा. तीन फेजचा पॉवर मीटर पॅनेलवर बसवून घ्या, फार महाग नाही. टूल हवेत फिरतानाची शक्ती आधी लिहा, ती नंतर वजा करायची.

३०० मिलिमीटरचा सांधा ६० च्या फीडने पाच मिनिटांत होतो. दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहिला तर दहा नोंदी होतात. एक माणूस मशीनवर, एक वहीवर. टूल आत शिरताना शक्ती वाढते, धातू मऊ झाल्यावर थोडी उतरते, खांदा टेकला की पुन्हा चढते. थोडं थांबा, मग फीड द्या. पुढे ती एका पातळीवर स्थिर राहिली पाहिजे. स्थिर राहिली नाही तर नुसत्या शक्तीवरून निदान करू नका, तापमानही बघा. शक्ती हळूहळू उतरते आणि तापमान चढतं, तर प्लेट तापत चालली आहे. फीड थोडी वाढवायची वेळ आली. शक्तीही उतरते आणि तापमानही, तर खांदा सुटतोय, आत बोगदा होतोय. शक्ती चढते आणि दोन्ही बाजूंनी धातूची जाड कड बाहेर पडते, तर टूल रुतलं आहे, जोडाच्या जागी प्लेट पातळ होईल. शक्ती एकदम धाडकन पडली तर मशीन थांबवा. पिन तुटलेली असू शकते.

तापमानासाठी लेसरवाली बंदूक थेट चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखली तर ती वाटेल ते सांगते. चकचकीत धातू उष्णता फार कमी फेकतो आणि ती बंदूक फेकलेली उष्णताच मोजते. सांध्यापासून ठरावीक अंतरावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा पट्टा मारा आणि तिथेच रोखा. त्याहून चांगलं म्हणजे बॅकिंग प्लेटमध्ये बारीक भोकं पाडून के-टाइपचे थर्मोकपल बसवा, सांध्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. कितीही सांधे केले तरी हे तिथेच राहतात. सांध्यातलं खरं तापमान त्यातून कळत नाही. पण कालच्या सांध्याशी आजच्याची तुलना होते आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली बॅकिंग प्लेट सकाळीच गरम असते. एकामागून एक सांधे करत गेलात की पाचव्या सांध्याची सुरुवात पहिल्याहून कितीतरी गरम धातूवर होते. पहिला सांधा कापून पास केला आणि पाचवा न बघता दिला, असं करू नका. बॅकिंग प्लेट ठरावीक तापमानाखाली आल्याशिवाय पुढचा जॉब लावायचा नाही, असा नियमच करा आणि ते तापमान वहीत लिहा.

यापुढची पायरी कंपनाची. हजार आरपीएम म्हणजे टूल सेकंदाला साधारण १७ वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत ते थोडा धातू मागे नेतं, त्यामुळे दाब आणि कंपन याच लयीत वरखाली होतात. आत पोकळी व्हायला लागली की ही लय बिघडते. त्या वारंवारतेचं किंवा तिच्या दुपटी-तिपटीचं प्रमाण बदलतं. मोठ्या मशीनवर दाब मोजणारे लोडसेल असतात आणि ते हे पकडतात. क्लॅम्प मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्याला ही लय दिसणारच नाही. सेकंदाला शंभराच्या वर नोंदी घेणारं काहीतरी हवं. गंमत म्हणजे असं साधन बहुतेकांच्या खिशात असतं. मोबाइलमधला त्वरणमापक बहुधा एवढा वेगवान असतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत अॅप त्याचा स्पेक्ट्रम दाखवतं. एखादा जुना फोन फिक्स्चरला पक्का क्लॅम्प करा, गरम भागापासून लांब. आधी टूल हवेत फिरवून नोंद घ्या, मग चांगल्या सांध्याची, मग मुद्दाम बिघडवलेल्यांची. शेजारचं लेथ त्या वेळी बंद ठेवा. यावर कोणाला सर्टिफिकेट देता येणार नाही, पण हाताखालच्या मुलाला दोन दुपारी जे कळेल ते पुस्तकातून कळायला महिना लागेल.

सांधा झाल्यावर आधी डोळ्यांनी बघा, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. टूलच्या दोन बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूला टूलची फिरण्याची दिशा आणि पुढे जाण्याची दिशा एकच असते ती अॅडव्हान्सिंग बाजू, दुसरी रिट्रीटिंग. टूल वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल आणि तुमच्यापासून लांब जात असेल, तर डावी बाजू अॅडव्हान्सिंग. मिलिंग मशीनवर टूल जागेवरच असतं आणि टेबल सरकतं, त्यामुळे पोरं नेहमी उलटं समजतात. टेबल तुमच्याकडे येत असेल तर टूल तुमच्यापासून लांब जातंय असं धरा. बोगदा आणि वरची चीर बहुधा अॅडव्हान्सिंग बाजूला होते. बाहेर पडलेली धातूची कड बहुधा रिट्रीटिंग बाजूला जास्त असते. प्रत्येक प्लेटवर जोडण्याआधीच बाण कोरा आणि अॅडव्हान्सिंग बाजूला 'अ' लिहा. कापल्यावर कोणता तुकडा कुठला, हे कोणालाच आठवत नाही.

मग कापणं. टूल शिरतं तो आणि निघतं तो तुकडा टाकून द्यायचा, शेवटी तर पिनेचं भोकच राहतं. मधल्या भागातून तीन ठिकाणचे आडवे काप घ्या. पाण्याच्या पेपरवर २२० पासून सुरू करून ४००, ६००, १००० पर्यंत घासा, दर पेपरला दिशा काटकोनात बदलत. मग प्लॅस्टिकच्या भांड्यात दहा टक्के कॉस्टिक सोडा घ्या. भांडं अॅल्युमिनियमचं चालणार नाही, ते स्वतःच विरघळेल. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, दार उघडं ठेवून काम करा, कारण यातून हायड्रोजन निघतो. तुकडा त्यात सोडला की बुडबुडे येतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत तो काळपट पडतो. भरपूर पाण्याने धुवा, काळपटपणा पातळ नायट्रिक अॅसिडने निघतो. उजेडात तिरपा धरा. मध्ये कांद्याच्या चकतीसारखी गोल वलयं दिसतील, ती घुसळलेल्या धातूची. त्यांच्या 'अ' बाजूला, खालच्या अंगाला नीट बघा. मोहरीएवढा काळा ठिपका दिसला तर तो ठिपका नाही, बोगद्याचं तोंड आहे. तोच तिन्ही कापांत त्याच जागी असेल तर सांधा आरपार पोकळ आहे.

याहून कपटी दोष तळाचा. पिन आखूड पडली किंवा प्लेट जाड निघाली की तळाचे एक-दोन दशांश घुसळलेच जात नाहीत. दोन कडा एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, पण जुळत नाहीत. मध्ये ऑक्साइडचा पापुद्रा तसाच राहतो. कारखान्यात याला किसिंग बाँड म्हणतात. एक्स-रेला पोकळी लागते, इथे पोकळीच नाही, त्यामुळे तो गप्प बसतो. डाय पेनिट्रंटला उघडी चीर लागते, तीही नसते. यावर सर्वांत स्वस्त आणि खात्रीची परीक्षा म्हणजे रूट बेंड. सांध्याला आडवी पट्टी कापा, कडा गोल करा, तळ बाहेरच्या बाजूला ठेवून गोल सळीवर वाकवा. सळी फार बारीक घेऊ नका, टी६ प्लेटचा चांगला जोडही मग फुटतो. आधी बिनजोडाची पट्टी वाकवून सळी ठरवा. सांध्याच्या तळाशी सरळ रेघेत उघडणारी चीर आली तर पिनेची लांबी आणि प्लेटची जाडी पुन्हा मोजा. पिनेला चिकटलेलं अॅल्युमिनियम ग्राइंडरने काढू नका, टूल कोमट कॉस्टिक सोड्यात ठेवा. अॅल्युमिनियम विरघळतं, स्टील तसंच राहतं. मग डेप्थ गेजने लांबी घ्या.

ओढून तोडायची परीक्षा करून घेतलीत तर आकड्याआधी विचारा की तुकडा कुठे तुटला. टी६ प्लेटचा जोड मूळ प्लेटइतका बळकट होत नाही. उष्णतेने बाजूचा धातू नरम पडतो, आणि मूळ ताकदीच्या दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश मिळणं नेहमीचं आहे. तुकडा सांध्याबाहेर, त्या नरम पट्ट्यात तुटला तर जोडाने आपलं काम केलं. सांध्याच्या मधोमध सरळ रेघेत तुटला तर आकडा बरा आला तरी तो नापास करा. कूलिंग प्लेटसारख्या कामाला हे पुरत नाही, तिथे गळतीही बघावी लागते. हवा भरून पाण्यात बुडवायची, आणि कंपनीने मागितली तर हेलियमने.

वीज जाणं हा आपल्याकडचा रोजचा विषय, म्हणून त्याचंही ठरवून ठेवा. सांधा चालू असताना मशीन थांबलं तर टूल प्लेटमध्ये अडकतं. वीज आली म्हणून तिथूनच सुरू करू नका. थंड धातूत पिन मोडते. टूल काढा, जागेवर खूण करा. तो सांधा ग्राहकाला द्यायचा नाही. परत जोडून दिला तरी 'इथे थांबला होता' हे वहीत आणि जॉबवर दोन्हीकडे लिहून, कापून दाखवल्याशिवाय नाही.

वहीत प्रत्येक सांध्याला नंबर हवा आणि तोच प्लेटच्या कडेला ठोकलेला हवा. त्यापुढे प्लेटची मोजलेली जाडी, पिनेची मोजलेली लांबी, आरपीएम, फीड, बॅकिंग प्लेटचं सुरुवातीचं तापमान, शक्तीच्या दहा नोंदी आणि कापल्यावर काय दिसलं ते. बिघडवलेले तुकडे फेकू नका. दोष आणि नंबर लिहून फळीवर लावून ठेवा, नवीन आलेल्या मुलाला आधी तेच दाखवा. ठरलेल्या नियमांनी काम द्यायचं असेल तर अॅल्युमिनियमच्या या पद्धतीसाठी आयएसओ २५२३९ हे मानक आहे. त्यात जोडणाऱ्याची परीक्षा, पद्धतीची परीक्षा आणि तपासणी वेगवेगळ्या भागांत दिली आहे. धातू नेमका कोणता आहे याचीच शंका असेल, आणि भंगारातून आणलेल्या प्लेटबद्दल ती असायलाच हवी, तर नागपूरला वाडीत जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे, तिथे चाचणीची चौकशी करा. नमुना नेताना दिशेचा बाण, 'अ' ची खूण आणि सांध्याचा नंबर पुसला गेला नाही ना, हे एकदा बघून घ्या.